पहिली काच की दुसरी

माझी मावशी डोळे तपासते. दुकान लहानसं. पुढे काचेच्या कपाटात चष्म्याच्या चौकटी, मागे पडदा, पडद्याआड उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती एक जडशीळ चौकट चढवते, तिच्यात एक भिंग घालते, काढते, दुसरं घालते आणि विचारते, "पहिली काच बरी की दुसरी?" दिवसभर हेच. घरीसुद्धा जित्याची खोड जात नाही. चादर बदलली तरी विचारणार, "पहिली बरी होती की ही?"

जगाला अशी पारखून घेणारी ही बाई धाकट्या बहिणीपुढे, म्हणजे माझ्या आईपुढे, मात्र गोगलगाय. दर रविवारी आमच्याकडे येते आणि आल्या आल्या मोरीत भांडी घासायला बसते. आई खेकसली तरी मान खाली. एवढी शिकलेली मोठी बहीण घरी शिवणकाम करणाऱ्या बहिणीला इतकी का वचकते, हे मला कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा वैताग यायचा.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आईला काही समजवायला गेलं की तिचं ठरलेलं उत्तर, "मला नको सांगूस बाई. मी ढ. पालथ्या घड्यावर पाणी." मग माझी सगळी बडबड मावशीच्या वाट्याला येते. त्या दुपारी दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मी तिला सांगत बसले की काही शास्त्रज्ञांच्या मते, जिथे दोन गोष्टी घडू शकतात तिथे दोन्ही घडतात. जगाला फाटा फुटतो. एक गोष्ट या जगात, दुसरी दुसऱ्या.

मावशीचा भिंग पुसणारा हात थांबला. "म्हणजे मी इथे जे केलं नाही, ते कुठेतरी केलंय?"

"तुझ्यासारख्याच कुणीतरी."

"मग ती मी का नाही?"

मी काहीतरी सारवासारव केली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती बोलू लागली.

आई आणि मावशी तेव्हा लहान होत्या. त्यांच्या आत्याबाईंना मूलबाळ नव्हतं. भावाच्या दोन मुलींपैकी एकीला शहरात नेऊन शिकवायचं त्यांनी ठरवलं. कुणाला न्यायचं? आत्याबाईंनी दोघींना दारात उभं केलं आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. मावशीने घडाघडा वाचली. आईने डोळे बारीक केले, अडखळली आणि रडली. "हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या. आईला लांबचं दिसत नाही हे फक्त मावशीला ठाऊक होतं, कारण बसची पाटी रोज तीच आईला वाचून दाखवायची.

"आणि मी मूग गिळून बसले," मावशी म्हणाली. "त्या दुसऱ्या जगात मी बोलले असेन ना? ती शिकली असेल ना?"

"असेल," मी म्हटलं, "पण तिथून इथे काही येत नाही. तिथे तू बोललीस म्हणून इथलं फिटत नाही." मला तिचा संताप आला होता. स्वतःला ढ समजून माझी आई माझ्या शाळेच्या फाटकातूनच परतायची. "मला काय सांगतेस? तिला सांग."

पुढच्या आठवड्यात आईचा नंबर तपासायचा होता. आई खुर्चीत बसली, मी बाजूच्या स्टुलावर. मावशीने चौकट चढवली, भिंग घातलं, बदललं, आणि नेहमीचा प्रश्न विचारायच्या ऐवजी सगळं सांगून टाकलं. "मी बोलले असते तर तू गेली असतीस. हिच्या शास्त्रात तर कुठल्यातरी जगात गेलीच आहेस म्हणे."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" आई म्हणाली. "गेले नाही, ते नाही. आता काय त्याचं?"

मावशीने सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकर सोडला.

"पण मी ढ नाही हे तुला माहीत होतं?" आईने विचारलं.

"होतं."

"मला पहिला चष्मा तूच दिलास. मी म्हटलं, शिवून शिवून डोळे गेले. तू हं म्हणालीस."

"म्हणाले."

"दर रविवारी येतेस. मी दर रविवारी म्हणते, मला काय कळतंय. तू भांडी घासतेस."

मला वाटलं होतं, फाटा एकदाच फुटला, त्या दारात. तो तर दर रविवारी आमच्या मोरीत फुटत होता आणि मावशी दर वेळी गप्प राहत होती. मला लाज वाटली, तिची आणि थोडी माझीही. मी तरी आईला कधी म्हटलं होतं की तू ढ नाहीस?

"काच लाव," आई म्हणाली.

मावशीने भिंग बसवलं. तिच्याने प्रश्न विचारवेना. आईने तो विचारायची वाट पाहिलीच नाही. तक्त्याची शेवटची ओळ तिने शाळेत वाचतात तशी मोठ्याने वाचली, एकही अक्षर न चुकता.

मग ती जड चौकट तशीच नाकावर ठेवून ती माझ्याकडे वळली. "तुझ्या शास्त्रातलं ते दुसऱ्या जगाचं काय आहे? मला सांग. पहिल्यापासून सांग."