चाखण्याचं काम

बेकरीत क्रीम चाखून पास करायचं काम वीस वर्षं मास्तरांचंच होतं. वजन घटवण्यासाठी केलेल्या पोटाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर कामावर आले त्याच दिवशी त्यांनी सवयीनं दोन चमचे क्रीम गिळलं आणि पंधरा मिनिटांत धडधडत्या छातीनं, घामाघूम होऊन खुर्चीत कोसळले.

“डॉक्टर म्हणाले होते ना, साखर आता थेट आतड्यात उतरते!” गल्ल्यावर बसलेली त्यांची बायको धावत आली.

“पण जिभेला तर छान लागलं गं! मग पोटाचं काय बिनसलं?”

“यापुढे चाखून थुंकायचं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं केलं आणि गोंधळलेच. गिळल्याशिवाय त्यांना क्रीम जमलंय की नाही याचा अंदाजच येईना. चमचा त्यांनी बायकोपुढे धरला.

“गोड आहे,” ती म्हणाली.

“ते मलाही कळतंय. पण गोडी पुरेशी आहे का?”

तिनं पुन्हा चाखलं, पण पुरेशी म्हणजे किती, हे तिलाही सांगता येईना.