ते लिहिणारी मी नव्हेच

चहा उकळतोय तोवर सांगून टाकते, नंतर माझी हिंमत व्हायची नाही. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात ना? मी तर धोंडा शोधून आणला, दोन्ही हातांनी उचलला आणि नेम धरून पाडला.

हरसूलजवळच्या एका पाड्यावर मी आठ वर्षं शिक्षिका होते. मग बदली झाली आणि आम्ही शहरात, द्वारका चौकाच्या मागे राहायला आलो. इथे काही करमेना, म्हणून ब्लॉग सुरू केला. खरं नाव द्यायचा धीर नव्हता, तर 'पाड्यावरची बाई' म्हणून लिहायचे. वाचक मोजून अकरा, त्यातले दोन आमचे हेच, दोन फोनवरून. पण खोटं कशाला बोलू? कोणी खाली दोन ओळी लिहिल्या की माझा दिवस बरा जायचा. भांडी घासतानासुद्धा पुढचं वाक्य सुचायचं.

त्यात मी जानकीबाईंवर दोनदा लिहिलं. शाळेतल्या पोरांसाठी त्या भात-आमटी करायच्या. एकदा चांगलं लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिलं, की त्यांच्या आमटीत डाळ शोधायची तर होडी घेऊन उतरावं लागे. लोक हसले, 'अजून येऊ द्या' म्हणाले. मी फुगले.

मग एका शनिवारी फोन आला.

"बाई, मी सोमा. जानकीबाईचा पोरगा. ती पाड्यावरची बाई तुम्हीच ना?"

पोळपाटावर लाटणं जागच्या जागी थांबलं. "का रे?"

"आयेला वाचून दाखवलं. तवापास्नं ती नीट जेवली नाय. म्हनते, बाईच्या घरी जायचंच. उद्या येतो आम्ही."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पत्ता मात्र दिला, कारण न द्यायला कारण सुचेना.

नीट जेवली नाही! ज्या बाईच्या हातचं मी आठ वर्षं खाल्लं, तिचा घास मी तोडला होता. त्या दिवशी माझ्याही घशाखाली काही उतरेना. मनात काय काय आलं म्हणून सांगू? सोमा गल्लीत उभं राहून ते मोठ्यानं वाचेल, शेजारचे गॅलरीत येतील, सोमवारी शाळेत कळेल. 'शिक्षिका असून गरिबाच्या जेवणाची टिंगल करते' असा अर्ज कुणीतरी वर देईल.

आमचे हे म्हणाले, "सरळ माफी माग."

"आणि अर्ज केला तर?"

हे स्वतःच इतके घाबरले की मला म्हणाले, "मग तू लिहिलंच नाही म्हण. मी साक्ष देतो."

मी ब्लॉग उघडला आणि सगळाच्या सगळा पुसून टाकला. दीड वर्षाचं लिखाण. 'नक्की काढायचं का?' असं स्क्रीनवर आलं, तेव्हा डोळे मिटून बोट दाबलं.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात जानकीबाई, मागे सोमा, त्याच्या खांद्यावर पोतं. मला वाटलं, दगडच आणलेत.

त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले. "जानकीबाई, ते मी लिहिलेलं नाही हो. देवाशपथ. कोणी दुसऱ्याच बाई असतील. तुमच्या शाळेत किती जणी होऊन गेल्या."

"हिला कुठलं लिहिता येतंय?" आमचे हे म्हणाले. "किराण्याची यादीसुद्धा मीच करतो."

जानकीबाई सोमाकडे वळल्या. "तू तर म्हनला, ह्याच बाई."

"मला वाटलं तसं, आये. त्यात लिवलं नव्हतं का, ओहोळ फुगला की जानकीबाई हात धरून पल्याड न्यायच्या, पदरानं डोकं पुसायच्या. म्हनून वाटलं."

त्यानं चांगलं वाचलं होतं. फक्त चांगलं.

"लय रडाया आलं ऐकून," जानकीबाई म्हणाल्या. "घासच जाईना. आजवर माझ्यावर कोनी काय लिवलं नाय. नवा तांदूळ आनला व्हता त्या बाईला."

सोमानं फोन काढला. "दाखवतो तुम्हाला." बराच वेळ बोट फिरवलं. "उघडत नाय. काढून टाकलं वाटतं."

"का काढलं असंल?" जानकीबाईंचा आवाज खाली गेला. "माझं नाव लिवलं, त्याची लाज वाटली असंल तिला."

ते मला सहन होईना. "जानकीबाई, मीच लिहिलं," मी म्हणाले. "मी घाबरले होते. मीच ती."

त्यांनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तांदूळ बघून कशाला खोटं बोलता? लागंल तेवढा घ्या की."

"अहो, हीच लिहिते, रोज लिहिते," हे पुढे आले.

"तुम्ही तर आत्ता यादीचं म्हनले."

मग मी रडत रडत सगळं सांगितलं. ओहोळाचं पाणी किती होतं, माझी चप्पल कशी वाहून गेली, त्यांनी स्वतःची काढून मला कशी दिली.

"मी समद्याच बाईंना हात धरून न्यायची. समद्यांच्याच चपला वाहायच्या," त्या म्हणाल्या. "पर तुम्हाला एवढं समदं आठवतं, तर तुम्ही का नाय वो लिवलं?"

मी चहा टाकला. निघताना त्यांनी निम्मा तांदूळ मला दिला आणि निम्मा 'ती बाई भेटली तर तिला' म्हणून माझ्याकडेच ठेवला.

दुसऱ्याच दिवशी मी नवा ब्लॉग उघडला. या वेळी स्वतःचं पूर्ण नाव घालून. ओहोळाचं पुन्हा लिहिलं, आठवून आठवून, चपलेसकट. जीव ओतला त्यात. सोमाला पाठवलं आणि श्वास रोखून बसले.

तासाभरात त्यानं खाली लिहिलं, "बाई, आयेला वाचून दाखवलं. बरं हाय म्हनते. पर त्या पहिल्या बाईची सर नाय."