गळ, कणीक आणि मांजरं
कणीक मळल्याचा ओलसर वास आला की मी अजून निपाणीजवळच्या त्या तळ्याकाठी जाऊन पोचतो. त्या वर्षी पंचायतीनं जाहीर केलं, रविवारी हौसेनं गळ टाकायला कुणालाच परवाना नको. "आता तरी चल की रं," मला सारखा मासे धरायला बोलावणारा मित्र म्हणाला. आमचं घर जैन. इतकी वर्षं मी परवान्याचीच सबब सांगत आलो होतो, ती बुडाली. आईला कळलं असतं तर स्वयंपाकघर मला कायमचं बंद झालं असतं, म्हणून "फिरून येतो" म्हणून निघालो. तळ्यावर धुकं निजलं होतं आणि पलीकडचा तंबाखूचा मळा त्यात अलगद तरंगत होता. गळाला कणकेची गोळी लावली आणि एकही मासा लागू नये म्हणून मनात णमोकार म्हणत बसलो. पाणी, धुकं, मंत्र, सगळं एक होत गेलं, डोळे मिटले, आणि नेमका मलाच मासा लागला! घाबरून दोन्ही हातांनी धरला, सोडवला आणि पाण्यात सोडून दिला. साबणानं हात घासघासून घरी आलो. दारातच आई. "फिरून आलास व्हय?" "व्हय." "मग गल्लीतली सगळी मांजरं तुझ्या मागनं का आल्यात रं?" आता मी रविवारी तळ्याकाठी नुसताच बसून येतो, गळाशिवाय. मांजरांनी मात्र आशा सोडलेली नाही.