तिसऱ्या खंडातला बाप

आमच्या पाद्रीसाहेबांना, म्हणजे अँब्रोज पिलबीमना, देवाखालोखाल अभिमान कशाचा, तर नातेवाइकांचा. पाहुण्याने पहिला घास घेतला न घेतला, की यांची गाडी सुरू. "आमच्या आजोबांनी प्रार्थनागीतं लिहिली, मामांनी प्रवासवर्णन लिहिलं, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या, युफेमियाच्या कादंबऱ्या तर लंडनमध्ये हातोहात जातात!" तोवर मटण गार. ते भाजणाऱ्या माझी कुणाला पर्वा?

म्हणूनच मदतनीस पाद्री ट्वेडलने साहेबांच्या लेकीला, होनोरियाला, मागणी घातली, तेव्हा साहेबांनी एकच विचारलं, "तुमच्या घराण्यात लिहिणारं कोण?"

ट्वेडल बिचारा सरळमार्गी. "कोणीच नाही हो. वडील मेणबत्त्या करतात."

झालं! मुलगी द्यायची नाही. गोरगरिबांच्या आजारपणात चिखल तुडवत धावणारा मुलगा, पण यांना पुस्तकं हवीत! होनोरिया सुकत चालली. माझा असा संताप व्हायचा, की सगळा राग पावाच्या पिठावर काढायची मी.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत युफेमियाबाई राहायला आल्या. नव्या कादंबरीचे पहिले दोन खंड छापून झाले होते, ते बरोबर होते. चहानंतर घरादाराने बसायचं आणि साहेबांनी मोठ्याने वाचायचं, ही आमच्याकडची रीत. नोकरमाणसंसुद्धा हजर.

कादंबरीतही एक पाद्री. लिहिणाऱ्या नातेवाइकांची टिमकी वाजवणारा, चांभाराच्या मुलाला जावई करून घ्यायला तयार नसलेला. साहेब हसून हसून बेजार. "काय गाढव आहे हा! शेजारच्या गावचा पाद्री उचललास ना, युफे?"

मी तोंडात एप्रनचं टोक कोंबलं.

दुसरा खंड संपत आला. मुलगी अंथरुणाला खिळली होती आणि तिचा बाप म्हणत होता, "लेखणी धरणारा हातच माझ्या मुलीचा हात धरील." ट्वेडलला वाटेला लावताना साहेबांनी हेच ऐकवलं होतं, शब्दन् शब्द. वाचता वाचता ते थबकले. तोंड उकडलेल्या बीटासारखं झालं.

"हा... मी आहे?"

"तूच," विणकाम न थांबवता बाई म्हणाल्या.

"मी असं बोलतो?"

आता माझ्याच्याने राहवेना. "अस्संच, साहेब. फक्त जास्त वेळ."

होनोरियाला रडू फुटलं. साहेब तिच्याकडे बघत राहिले. किती वाळली होती पोर, ते त्यांना आज दिसलं. मग हळूच त्यांनी विचारलं, "तिसऱ्या खंडात मुलीचं काय होतं गं?"

"अजून लिहायचाय. बाप काय करतो त्यावर आहे. मेली तर वाचक ढसाढसा रडतील, पुस्तक खपेल."

"खबरदार मारलीस तर!" साहेब ताडकन उठले. "होनोरिया, जा, ट्वेडलला बोलावून आण. आत्ताच्या आत्ता!"

पोरगी टोपीसुद्धा न घालता धावत सुटली. साहेब खुर्चीत बसले, नाक शिंकरलं आणि बहिणीला म्हणाले, "लिही, बापाने मुलगी आपणहून दिली. कुणाला सांगावं लागलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"लिहा हो," डोळे पुसत मी म्हटलं. "कादंबरीच तर आहे!"