मी बॅटरी बिघडवायला बसलो तेव्हा

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं साधं बोलावं. मी आकड्यासकट बोललो. "चाळीस टक्के दाखवत होता आणि एकदम बंद पडला," असं मी फोनबद्दल म्हणालो. नुसतं बंद पडला म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण शिरवळच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. आकडा दिला की समोरचा गप्प बसतो, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. दाजी मात्र आकडा ऐकला की चौकशीला लागतात.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण लोणंदमध्ये सगळे त्यांना मेजर म्हणतात आणि ते कुणाचीच चूक दुरुस्त करत नाहीत. गावाबाहेर त्यांचं अर्धा एकर आलं आहे. आलं हे पीक सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं असतं, पाणी जरा उशिरा मिळालं तरी रुसतं आणि जरा जास्त झालं तरी आतून बिघडतं. जमिनीखाली कंद सडत असतो आणि वरून पान हिरवंगार. म्हणून दाजी घड्याळ लावून पाणी देतात. त्यासाठी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला आहे. त्याला आपल्या फोनवरून फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत निम्मे पुरुष उजव्या हातानं जिलेबी खातात आणि डाव्या हातानं ऊस भिजवतात, ते याच्याच जोरावर. या स्टार्टरला फक्त नोंदवलेले नंबर चालतात. दाजींच्या स्टार्टरमध्ये दोनच नंबर होते, एक त्यांचा आणि दुसरा, अक्कानं भावाची बाजू घेतल्यामुळं, माझा.

दिवाळी झाल्यावर दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला ठरलं. मंगळवारी सकाळी अक्का त्यांना घेऊन निघाली तेव्हा त्यांनी गाडीची काच खाली करून मला हुकूम दिला, "दोनला चालू, तीनला बंद. मधी काय करायचं न्हाई."

मधी मी बैलगाडा शर्यत बघितली.

हल्ली या शर्यती फोनवर थेट दिसतात. आपण घरात गादीवर आडवं व्हायचं आणि धूळ दुसऱ्यांच्या डोळ्यांत जाते. दोनला मोटर चालू केली आणि एक गट बघून घेऊ म्हणून फोन उशीला टेकवून ठेवला. त्या गटात एक पांढरा बैल असा पळाला की त्याची सेमीफायनल बघणं माझं कर्तव्य झालं. सेमीफायनलनंतर फायनल सोडून उठायचं म्हणजे त्या बैलाचा अपमान. सहाला शेतीची लाईट गेली तेव्हा मोटर आपोआप थांबली, आणि त्याच सुमाराला निकाल लागून मीही थांबलो. एका तासाचं पाणी चार तास गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं तर सरीत माझं तोंड दिसत होतं. बघण्यासारखं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी दाजी डोळ्याला काळा चष्मा लावून परतले. शेजाऱ्यानं त्यांना फोन करून आधीच सगळं सांगितलं होतं. मी ते चाळीस टक्क्यांचं वाक्य म्हणालो. स्टार्टर दुसऱ्या कुणाचा फोन घेत नाही, त्यामुळं माझी बाजू अगदी चोख होती. दाजींनी शांतपणे विचारलं, बॅटरी बदलून किती दिवस झाले. चार महिने, मी म्हणालो. कुणी बदलली? इथं माझी जीभ थांबायला हवी होती. तिला थांबायची सवय नाही.

बॅटरी बदलणारी बाई दाजींच्याच गाळ्यात बसते. एसटी स्टँडच्या बाजूला त्यांचे तीन गाळे आहेत, त्यातला शेवटचा तिचा. तिशीची असेल. घरचे मेंढपाळ, नवरा आणि सासरे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरतात ते पावसाच्या तोंडावर परततात. ही साताऱ्यात मोबाईल दुरुस्तीचा कोर्स करून आली, आणि आधी एका किराणा दुकानाच्या पायरीवर टेबल मांडून काम करायची. तिचं काम बघून दाजींनी स्वतःहून तिला गाळा दिला आणि भेटेल त्याला तिच्याकडं पाठवलं. मलाही तिचं दुकान त्यांनीच सुचवलं होतं. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा, आणि तो त्याच महिन्याच्या शेवटी संपत होता.

"डुप्लिकेट माल टाकणाऱ्याला माझ्या गाळ्यात जागा न्हाई," दाजी म्हणाले.

त्यांना रविवारपर्यंत धुळीत जायची मनाई होती, म्हणून सोमवारी मला घेऊन दुकानात जायचं आणि तिला तोंडावर जाब विचारायचा, असं ठरलं. तोवर गप्प बसतील असं वाटलं होतं. पण गुरुवारी सकाळीच त्यांच्या ओट्यावर चहाला आलेल्या तीन माजी सैनिकांना त्यांनी सगळी हकीकत सांगितली. तिघांनी ऐकलं की लोणंदचा बाजार ऐकतो.

मी तेव्हा खरं सांगून टाकलं असतं तर आज हे लिहायला काही नसतं. मी निराळा विचार केला. बॅटरी खरोखरच खराब निघाली तर मी खोटारडा ठरणार नाही, फक्त चार दिवस लवकर बोललो एवढंच होईल. स्टोअरमध्ये आम्ही असली कामं केलेली होती. तपासणीचा माणूस येण्याआधी माल कागदाप्रमाणे करायचा. आता बॅटरी माझ्या म्हणण्याप्रमाणे करायची, इतकंच.

फोनमध्येच बॅटरीची तब्येत दिसते, हे मला एका व्हिडिओतून कळलं. बघितलं तर शहाण्णव टक्के. त्याच व्हिडिओत बॅटरी जपण्यासाठी काय काय करू नये याची यादी होती. ती मी लिहून घेतली आणि वरून खाली करायला घेतली. उन्हात ठेवू नका, म्हणून फोन पत्र्यावर नेऊन ठेवला. अगदी शून्यावर जाऊ देऊ नका, म्हणून टॉर्च लावून, व्हिडिओ चालू करून, हॉटस्पॉटवर सगळ्या गल्लीला फुकट नेट वाटून तो शून्यावर नेला. झाकून चार्ज करू नका, म्हणून गोधडीत गुंडाळून चार्जिंगला लावला. नोकरीत असताना मी इतकं मन लावून काही केल्याचं कुणी सांगणार नाही.

शुक्रवारी दुपारी बायको पत्र्यावर वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा हलवायला गेली. खाली आली ती फोन पदरात धरून, कारण तो हाताला चटके देत होता.

"आवं, शेंगांबरोबर फोनबी वाळत घातलाय व्हय?"

दमट झालाय, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि फोन परत पत्र्यावर ठेवून आली. आमच्या संसारात ती मला माझ्या चुकांच्या मध्ये अडवत नाही, पूर्ण होऊ देते.

शनिवारी तिनंच बाजारातून बातमी आणली. ती दुरुस्तीवाली तिला भाजीच्या रांगेत भेटली होती. दोन गिऱ्हाइकं दुरुस्तीला टाकलेले फोन तसेच परत घेऊन गेली होती. दुसरा गाळा बघायला ती हायवेच्या बाजूला गेली, तर तिथल्या मालकानंही, मेजरनी का काढलं तुम्हाला, असं विचारलं. म्हणजे अजून काढलं नव्हतं तोवर काढल्याची बातमी पोचली होती. तिनं बायकोला एवढंच सांगितलं होतं, काकांचा फोन एकदा मला बघू द्या म्हणावं. हे ऐकलं तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. तो गिळला. मी वर पाणी प्यायलो आणि पुन्हा गोधडी काढली, असा मी माणूस.

रविवारी संध्याकाळी बॅटरीची तब्येत शहाण्णव टक्के होती. फोन बंद करून पुन्हा चालू केला. शहाण्णव. इतकी टिकाऊ वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती, आणि ती मी चार दिवस मारत होतो.

सोमवारी अकरा वाजता आम्ही दुकानात पोचलो. दाजी पुढं, काळा चष्मा, हातात काठी नसतानाही काठी असल्यासारखे. मी मागं. दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती आम्हाला बघून जास्त नीट बसली. तिनं वाद घातला नाही. दाजींसाठी स्टूल पुसून पुढं केलं आणि माझ्याकडं हात केला. मी फोन दिला. कुलूप उघडून द्या म्हणाली, तेही दिलं.

आधी तिनं शहाण्णवचा आकडा दाखवला. दाजी म्हणाले, आकडा काय, डुप्लिकेट बॅटरी आकडाही डुप्लिकेट दाखवत असेल. मला ते पटलं, मी मान हलवली. तिलाही पटलं. आकड्यावर नका जाऊ, म्हणाली, आपण रोजचं बघू. फोन कधी चार्जिंगला लावला, कधी काढला, कुठल्या तासाला किती उरली होती, हे सगळं गेल्या आठवड्याचं त्यात असतं. मला हे माहीत नव्हतं. मी चार दिवस ज्या यंत्राला छळत होतो ते सगळं टिपून ठेवत होतं.

तिनं खालून वर बघायला सुरुवात केली. रविवार, शनिवार, शुक्रवार, गुरुवार. तिच्या कपाळाला आठी पडली.

"चार दिसांत अकरा येळा चार्जिंग. काका, घरी लहान पोर हाय का खेळणारं?"

नाही, मी म्हणालो. नातू पुण्याहून आलाय म्हणायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर म्हणालोही असतो. तिनं बोट अजून वर सरकवलं तसा मी फोनवर हात ठेवला. जाऊ द्या ताई, जुनं काय बघायचं, असं काहीतरी पुटपुटलो. दाजींनी माझा हात मनगटाला धरून उचलला आणि माझ्याच मांडीवर नेऊन ठेवला.

मंगळवार आला. आलेखातली रेघ दोन वाजता एकाहत्तरवर होती. तिथून जराही न अडखळता उतरत उतरत सहा वाजता बावीसवर आली होती. चाळीसवरून जाताना ती थबकलीसुद्धा नव्हती. तिनं रेघेवर बोट फिरवून दाजींना त्यांच्या चांगल्या डोळ्यानं बघायला लावलं. त्या रेघेच्या खाली फोन कशासाठी वापरला ते तासामिनिटांसकट लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलं. वाचताना माझ्याकडं एकदा बघितलं, आणि फोन उलटा करून काउंटरवर ठेवला.

"मेजर, खालचं मी वाचून दाखवत न्हाई. ते काकांनी सांगावं. माझी बॅटरी चालू हुती, एवढंच मला पायजे हुतं."

दाजी माझ्याकडं वळले. तेव्हाही माझ्याकडं एक खोटं तयार होतं, घड्याळ चुकलं असेल असं. पण उलटा ठेवलेला फोन बघून ते माझ्याकडून उच्चारलं जाईना. मी शर्यत बघत होतो, असं सांगितलं. मग अकरा वेळा चार्जिंग कशाला, असं दाजींनी विचारलं. पत्रा, टॉर्च, गोधडी, सगळं सांगितलं. मी गोधडीपर्यंत पोचलो तेव्हा गिऱ्हाइकांतला एक जण हसला आणि त्याचं बघून दुसरा. मीही हसायला लागलो, कारण असल्या वेळी माझी ती सवय आहे. ती हसली नाही.

"म्हंजे माझा गाळा घालवायला तुमी चार दिस राबलासा," ती म्हणाली.

माझं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं कुठं ते कळेना.

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. ते तिच्याशी बोलले. मी न तपासता रिपोर्ट मानला, म्हणाले, फौजेत यासाठी बाहीवरच्या पट्ट्या उतरवतात. करार त्याच आठवड्यात करून घेऊ. ती म्हणाली, करार ठीक आहे, पण गिऱ्हाईक करार वाचायला येत नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे. दाजींनी माझ्याकडं बघितलं. हुकूम तोंडानं द्यायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या तिघा माजी सैनिकांकडं गेलो, एक्स-रे घेऊन फिरणाऱ्या पेशंटसारखा फोन पुढं धरून. पहिल्यानं रेघ बघितली, मला चहा दिला आणि बायकोला बाहेर बोलावून सगळं पुन्हा माझ्याकडूनच वदवून घेतलं. दुसऱ्याला बॅटरीशी घेणंदेणं नव्हतं, त्याला फक्त फायनल कोणी मारली ते हवं होतं. तिसऱ्यानं मात्र खिशाला हात लावला. तिच्याकडून परत आणलेला त्याचा फोन खिशातच होता, काच तडकलेली. आता परत तिच्याकडं कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाला. माझ्या तोंडाचं आणखी काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून मीच तो फोन घेऊन गेलो. त्याच्या आधी हायवेच्या त्या गाळामालकाकडंही जाऊन आलो. त्याच्याकडं जायचं कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं काच तडकलेला फोन घेतला, कुणाचा म्हणून विचारलं, चिठ्ठी लिहून त्याला चिकटवली. चारला या, म्हणाली. मी निघालो तर तिनं थांबवलं आणि ड्रॉवरमधून स्टॅम्प पेपर काढला. दाजींनी त्यांची सही आधीच करून पाठवली होती. साक्षीदाराची एक जागा रिकामी होती.

मी म्हणालो, "ताई, माझी सही कशाला? दुसरा कुणी चांगला माणूस बघा."

"चांगला माणूस असं कुठं लिहिलंय? साक्षीदार लिहिलंय," ती म्हणाली, आणि पेन पुढं केला. "सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालंय की."

मी सही केली. तिनं कागद दाराच्या उजेडात नेऊन ती नीट बघितली, तारीख राहिलीय म्हणाली, ती माझ्याकडून टाकून घेतली, आणि मग ड्रॉवर बंद केला.