ओव्हनचं दार चार वेळा

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या आक्का तीस वर्षं खेळण्यांच्या कारखान्यात केक भाजत होत्या. केक केवढा, तर बरणीच्या झाकणाएवढा. मुलांचा छोटा ओव्हन हे त्या कारखान्याचं नाव राखणारं खेळणं. तयार झालेल्या मालातला एकेक ओव्हन उचलून त्यात खरोखरचा केक करून बघणं हे आक्कांचं काम. केक फुगला की कागदावर सही. नाही फुगला, तर सगळा माल परत.

कारखान्यात आधी टेबलावरच्या दिव्यांच्या टोप्या बनत. जुन्या मालकांची लेक सारखी स्वयंपाकघरात लुडबुडायची. एकदा तिनं बोटं पोळून घेतली. दिव्याच्या आचेनं टोप्या किती तापतात हे मालकांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पत्र्याच्या डब्यात दोन बल्ब बसवले, खाली वाटीभर भिजवलेलं पीठ ठेवलं आणि लेकीला सांगितलं, "ही तुझी शेगडी. आता आईच्या शेगडीला हात लावायचा नाही." पुढे पत्रा जाऊन प्लॅस्टिक आलं, हिरवा रंग जाऊन निळा आला, बल्ब मात्र तेच राहिले.

आक्कांची तपासायची रीत वेगळी होती. त्या जमिनीवर गुडघे टेकून बसायच्या आणि बारा मिनिटांत चार वेळा दार उघडून आत डोकावायच्या. कोणी हसलं, तर म्हणायच्या, "मूल काय घड्याळाकडे बघत बसणार आहे? ते दार उघडणारच."

मग बाजारातून तापणारे बल्बच गेले. नव्या बल्बचा उजेड लख्ख, पण आच नाही. आक्कांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. साहेबांनी बैठकीत सांगून टाकलं, "आत लाल दिवा लावू, प्लॅस्टिकचा केक ठेवू. मुलांना खेळण्याशी मतलब."

"प्लॅस्टिकचा केक फुगत नाही, साहेब. मी सही कशावर करू?"

"मावशी, जाता जाता कशाला डोक्याला ताप?"

"ताप ओव्हनला हवाय. मला ते दोन महिने द्या."

साहेबांनी हसत दिले.

इंजिनिअरनं तळाशी तापणारी पट्टी बसवली. त्याच्या टेबलावर केक मस्त फुगला. आक्कांकडे सहाच्या सहा कच्चे.

"तुम्ही दार उघडता म्हणून!" तो वैतागला. "पट्टी याहून तापवली तर पोरांचे हात भाजतील. दाराला खटका लावतो. बारा मिनिटं उघडणारच नाही."

खटक्याचा ओव्हन आक्कांनी घरी आणून नातीपुढे ठेवला. मी तिथंच चहा घेत होते. नातीनं दार दोनदा ओढलं. "आज्जी, यात काहीच होत नाही," म्हणाली आणि रंगपेटी घेऊन बसली. केक उत्तम झाला, पण तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आक्का त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. चहा निवला.

"बाई, तीस वर्षं चुकले हो मी," त्या मला म्हणाल्या. "मुलांना दार उघडायचं नसतंच. त्यांना बघायचं असतं."

दुसऱ्या दिवशी त्या इंजिनिअरसमोर उभ्या. दाराला खटका नको, खिडकी हवी आणि आत तो नवा, थंड बल्ब.

"ज्यानं घात केला त्यालाच कामावर ठेवताय?"

"उजेड तर देतो ना बिचारा? तेवढंच करू दे."

पहिली खिडकी वाफेनं धुरकटली. दुसरी वाकडी झाली. तिसरी दुहेरी केली, तर कडेनं आच निसटू लागली. आक्का रोज गुडघे टेकत होत्या, संध्याकाळी तेल चोळत होत्या आणि सकाळी पुन्हा जात होत्या. सातवी खिडकी टिकली.

शेवटच्या आठवड्यात साहेब इंजिनिअरला घेऊन बघायला आले. उभ्यानं काही दिसेना, म्हणून खाली बसले, मग गुडघ्यांवर आले. आत पिवळ्या उजेडात पीठ हळूहळू वर चढत होतं, मधोमध एक बुडबुडा फुटला. नवव्या मिनिटाला साहेबांचा हात आपसूक दाराकडे गेला.

"हात मागे!" आक्का म्हणाल्या. "अजून तीन मिनिटं."

साहेबांनी हात मागे घेतला आणि नाक खिडकीला लावलं. केक निघाला तेव्हा आक्कांनी आधी सही केली, मग झाकणाएवढ्या केकचे तीन तुकडे केले.