हंगेरीच्या वीराचं नाव

मुलगी दहा वर्षांची असताना तिच्या शाळेत चिठ्ठ्या टाकून देश वाटले. ज्याला जो देश येईल त्याने तिथल्या राष्ट्रवीरावर स्टेजवर दोन मिनिटं बोलायचं. आमच्या वाट्याला हंगेरी आली. मुलगी बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर अडकलं की तिची मान ताणली जायची, डोळे मिटायचे. तरी मला ती चिठ्ठी म्हणजे आयती संधी वाटली. असलं अवघड नाव हिने सगळ्यांसमोर एकदा खणखणीत म्हटलं की भीड कायमची चेपेल, अशी माझी समजूत.

ते नाव इथे लिहीत नाही. माझ्याच्याने आता ते लिहवत नाही. हंगेरीत आडनाव आधी येतं, ‘एस’ लिहून ‘श’ म्हणतात, आणि अक्षरांच्या डोक्यावर टिंबं नि तिरक्या रेघा. स्पेलिंग तिने एका बैठकीत पाठ केलं. एकही टिंब चुकलं नाही. उच्चार मी मोबाइलवर शोधला आणि तिच्या मागे लागलो.

आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असायचा. वडील पाढे म्हणून घ्यायचे, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यानेच माझी जीभ वळली, हे मी लोकांना अभिमानाने सांगायचो. इथे आखातात, हिद्दला बंदराच्या ऑफिसातून मी दिवेलागणीला कुठला घरी पोहोचतो! म्हणून परवचा सकाळी गाडीत. रिफा गावातल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत वीस मिनिटं, काचा बंद, एसी चालू. नाव वीस वेळा म्हणायचं, अडकली की पुन्हा एकपासून. वीसपर्यंत ती कधीच पोहोचली नाही.

“बाबा, आय नो इट,” ती एकदा म्हणाली.

“येतं तर म्हण ना.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

बायको म्हणाली, “अहो, पुरे करा आता. धड जेवत नाहीये ती.” मी तिला ऐकवलं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग एका शुक्रवारी मी खाली पार्किंगमध्ये गेलो, तर ही एका मांजराला बिस्किट चारत होती आणि त्याला ते नाव शिकवत होती. आडनाव आधी, सगळं ठाकठीक, कुठेही न अडकता. दोनदा, तीनदा. माझं डोकंच फिरलं. म्हणजे हिला येतंय, माझ्यासमोर मुद्दाम करते! अडखळणारी मुलं एकटी असताना, मांजराकुत्र्याशी, सहज बोलतात हे मला माहीत नव्हतं. कुणाला विचारावं असंही वाटलं नाही, मी पडलो सर्वज्ञ.

त्याच आठवड्यात तिच्या बाईंचा फोन आला. नाव तिने फळ्यावर लिहावं, बाकीचं चित्रांतून दाखवावं, तेवढं पुरे. मुलगी शेजारीच उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, “नो मॅडम, शी विल स्पीक.”

कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत होतो. ती हातात माइक घेऊन पुढे आली, तोंड उघडलं, मान ताणली गेली. सगळा हॉल वाट बघत थांबला. मला ते सहन होईना. मी उभा राहिलो आणि ते नाव मोठ्याने, अगदी शुद्ध म्हणून दाखवलं. मुलं हसली. तिने माझ्याकडे पाहिलं, माइक खाली ठेवला आणि स्टेजवरून उतरून गेली.

नंतर आम्ही तिला स्पीच थेरपिस्टकडे नेलं. दहाव्या मिनिटाला त्या मला म्हणाल्या, “आप बाहर बैठिए. आपके सामने वो साँस रोक लेती है.” मी बाहेर बसलो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता ती सतरा वर्षांची आहे. आईशी बोलते, मैत्रिणींशी बोलते. मध्येच अडकते, हसते, पुढे जाते. माझ्यासाठी मेसेज येतात. फॉर्मवर सही हवी आहे, उद्या लवकर निघायचंय. दारात माझी किल्ली फिरली की आतलं बोलणं अर्ध्या वाक्यात थांबतं. बायको चहा ठेवते.

चार महिन्यांनी ती शिकायला परदेशी जाईल. हल्ली मी घराखाली गाडी लावली तरी अर्धा तास वर जात नाही. तेवढा वेळ तिला घरात बोलता येतं.